मित्राला बँडमधून काढू का?

ताई,

मी सव्वीस वर्षांचा, फोंड्याचा. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी बँड काढला. नाट्यपदं, भावगीतं आणि थोडी कोकणी गाणी आम्ही गिटार, बेस गिटार, ड्रम आणि घुमटावर (कातडं लावलेलं मातीचं मडकं) वाजवतो. सगळं हौसेचं, आमच्या बँडवर पोट कुणाचंच नाही. गिटार माझी. बेसवर माझा बालमित्र. त्याच्याच घरच्या पडवीत दर शनिवारी संध्याकाळी सराव होतो. पण त्याची लय सुटते आणि दोन वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. ड्रमर चांगला आहे, पण ऑक्टोबर उजाडला की कळंगुटच्या हॉटेलात वाजवायला जातो. घुमटवाला चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत गायब. गायिका माशेलची, शिक्षिका, शास्त्रीय शिकलेली. गेले दोन महिने कधी तिचा घसा बसतो, कधी पेपर तपासायचे असतात. गाणी आम्ही सगळी 'ई'मध्ये बसवतो, गिटारला आणि बेसला सोपं पडतं म्हणून. त्यावर तिने कधी तक्रार केली नाही. आता दिवाडी बेटावरचा एक बेसवाला भेटलाय. नोटेशन वाचतो, हात जबरदस्त. दोनदा येऊन वाजवून गेला. त्याला आमच्यात यायचंय, पण म्हणतो, आधी घुमट काढा, आवाजाचा नुसता चिखल होतो. डिसेंबरात एका गावच्या उत्सवात आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. मित्राला काढून ह्याला घेऊ का? आणि बाकीचे टिकावेत म्हणून काय करू?

– बेसूर, फोंडा

*

पत्रात वय लिहिलं आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते.

मित्राचं नंतर बघू. आधी तुझ्या पत्रातलं एक वाक्य घेऊ, जे तू जाता जाता लिहून मोकळा झालास: 'गाणी आम्ही सगळी ईमध्ये बसवतो.'

ई म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. शास्त्रीय शिकलेल्या बाईचा षड्ज, म्हणजे तिचा 'सा', बहुतेक वेळा काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. पांढरी तीनवर तिने गायचं कसं? खालच्या सप्तकात गायली तर मंद्रातले स्वर तोंडाबाहेर पडायच्या आत तुमचा ड्रम ते गिळणार. वरच्या सप्तकात गायली तर तार षड्जाच्या पुढे गाणं संपून ओरडणं सुरू होणार. त्यात तुम्ही निवडलीत नाट्यपदं, ती वरखाली ऐसपैस हिंडणारी. दोन वर्षं ती दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालते आहे, आणि तुला वाटतंय तिला चालायचाच कंटाळा आला. घसा बसतो असं ती सांगते ना? मला तर वाटतं, खरंच बसत असेल. दिवसभर वर्गात तोंड चालवायचं आणि शनिवारी पांढरी तीनवर नाट्यपद!

तक्रार का केली नाही म्हणतोस. चार पुरुषांत एकटी, तुम्ही कॉर्ड आणि फ्रेटच्या भाषेत बोलणार, आणि ती म्हणाली असती 'माझा सूर काळी चार', तर तुमच्यापैकी किती जणांना ते कळलं असतं?

इलाज काही शे रुपयांचा आहे. एक कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा घे आणि गिटारच्या चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्टीवर) लाव. बोटं तुझी तीच राहतील, ई, ए, बी. आवाज मात्र जी शार्पचा येईल, म्हणजे काळी चार. तिला काळी पाच हवी असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कापो आणि जीची बोटं. पण हे सगळं तू ठरवून तिला सांगायचं नाहीस. पेटी घेऊन बस, एकेक पद तिला गायला लाव आणि कुठल्या सुरात गळा मोकळा लागतो ते लिहून घे. दोन पदांचे सूर वेगळे निघाले तर निघू देत. ही एक संध्याकाळ दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. त्यानंतरही गायिका येईनाशी झाली तर मी चुकले म्हणेन, पण मला नाही वाटत.

गोव्यात बँड जमवताना ही अडचण हटकून येते, कारण आपल्याकडे संगीताची दोन घरं आहेत. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेल्या माणसांनी मुंबईच्या सिनेसंगीतातले वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. दुसरं घर देवळाचं. तिथे भजन, आरती, पेटी, पखवाज, सगळं कानावरून आणि गुरूच्या पायाशी बसून. दोन्ही घरांतली माणसं एका पडवीत आली की घुमटवाला मात्रा मोजतो, ड्रमर बार मोजतो, आणि चुकलं की दोघांनाही वाटतं समोरच्याला लय नाही. केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे ड्रमरचे चार बीट, प्रत्येकात दोन. दादऱ्याच्या सहा मात्रा तो सहा-आठ म्हणून मोजेल. त्याचा 'वन' तीच घुमटवाल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. पडवीच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटव: गाण्याचं नाव, सूर दोन्ही भाषांत, ताल दोन्ही भाषांत, सुरुवात कोण करणार, शेवट कसा. बँड मोडायला मोठी भांडणं लागत नाहीत, शेवट कसा करायचा हे माहीत नसल्यामुळे दर शनिवारी होणारी चिडचिड पुरते.

आता ड्रमर आणि घुमटवाला. ह्या दोघांत मला दोष दिसत नाही. ऑक्टोबर ते मार्च ह्या दिवसांत शनिवारी सराव ठेवून गोव्यातल्या ड्रमरची वाट बघणं म्हणजे चवथीला सकाळी भटाची वाट बघण्यासारखं आहे. त्या हॉटेलात त्याला पैसे मिळतात. तुझ्या पडवीत चहा मिळतो. तुझा सराव मंगळवारी किंवा बुधवारी का नाही? कारखान्यातली तुझी पाळी आड येत असेल तर महिन्याचं पाळीपत्रक हातात आल्याबरोबर चार वार ठरवून टाका, पण शनिवार सोडा.

घुमटवाल्याचंही तसंच. चवथीत तो घराघरांतून आरत्यांना जाणार, ते त्याच्या वाड्याचं देणं आहे. त्यातून त्याला ओढून काढशील तर तुझ्याकडे घुमट येईल, त्याच्या मागचं गाव येणार नाही, आणि मग त्या घुमटाला अर्थ काय?

मी तर म्हणते, इथे माणूस घेताना पहिला प्रश्न 'किती वर्षं वाजवतोस' हा नसावा. विचारावं, 'तुझा पहिला मान कुणाचा?' देवळात मानकऱ्यांचा क्रम असतो तसा प्रत्येक वादकाच्या वर्षाचा क्रम ठरलेला असतो. भजनी मंडळातला माणूस श्रावणात वास्कोच्या भजनी सप्ताहाला जाणार, कार्तिकापासून जत्रांना जाणार. चर्चच्या कॉयरमधली मुलगी डिसेंबरात तुझी नाही, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत तिच्या घरी तिचं बँडमध्ये गाणं कदाचित खपणारही नाही. शिगम्यात रोमटामेळाच्या मिरवणुकीतला ढोलवाला रस्त्यावर. दिवाडीच्या माणसाला ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी बोलवून बघ, त्याच्या बेटावरचा बोंदेरा, झेंड्यांचा उत्सव, सोडून येतो का ते. हे सगळं एका कॅलेंडरवर लिहून काढलंत की दिसेल, पाचही जण मोकळे असे काही महिने उरतात आणि काही महिन्यांत तिघंच उरतात. तिघांच्या महिन्यांत तिघांचा सराव करा. नवी गाणी तेव्हा निवडा, चाली तेव्हा बसवा. आणि प्रत्येक वाद्याला एक बदली माणूस ओळखीत ठेवा. तो आधीच सगळ्यांना माहीत असावा, म्हणजे पुढे त्याला बोलावल्यावर कुणाला आपली जागा गेली असं वाटत नाही.

दिवाडीकराकडे वळते. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. घुमटाचं मडकं बंद खोलीत घुमतं, त्याचा जाड आवाज आणि बेसचा आवाज एकमेकांच्या अंगावर बसतात. जमिनीला लादी, वर पत्रे, तीन बाजूंनी भिंती अशी पडवी असेल तर चिखल होणारच. त्यासाठी घुमट काढायची गरज नाही. बेसचा अ‍ॅम्प एका कोपऱ्यात, घुमटवाला समोरच्या कोपऱ्यात, अ‍ॅम्पवरचा बेसचा खटका थोडा खाली, लादीवर एक जुनी सतरंजी. ड्रमरला पडवीत जाड काठ्यांऐवजी ब्रश घेऊन वाजवायला सांग. पावसाळ्यात घुमटाचं कातडं ढिलं पडतं, ते वाजवण्याआधी शेकून घ्यायला हवं, नाहीतर नुसतं भद्-भद् ऐकू येतं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. हे त्या दिवाडीकराला कुणी सांगितलं का? त्याला वाद्य कळलेलं नाही आणि तुमच्यापैकी कुणी समजावलेलंही नाही. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण मी त्या कारणासाठी ते ठेवा म्हणत नाही. तुमच्या बँडमध्ये बाकी सगळं इतर बँडांसारखंच आहे, म्हणून ठेवा म्हणते.

पटलं नाही ते दुसरं अर्ध. तो जेमतेम दोनदा आला, आणि घुमटवाल्याचं वाद्यच काढा म्हणाला, कदाचित त्याच्यासमोरच. तिसऱ्या वेळी कुणाचं काढायला सांगेल? आणि एक विचारते. ज्या पदांवर त्याने वाजवलं त्यांचे शब्द काय, अर्थ काय, असं त्याने एकदा तरी विचारलं का? हौशी बँडमध्ये हात ही दुसरी गोष्ट. दीड तासाच्या सरावात प्रत्यक्ष वाजवणं तासभर होतं, उरलेला अर्धा तास गाडीतून सामान उतरवणं, तारा जुळवणं आणि भजी-पाव खाणं. त्या अर्ध्या तासात जो माणूस नकोसा होतो तो वाजवताना कितीही हवासा असला तरी सहा महिन्यांत बाकीच्यांना सबबी सुचायला लागतात. पैसे देत असतास तर गोष्ट वेगळी होती. इथे लोकांना संध्याकाळखेरीज काही मिळत नाही, मग संध्याकाळ तरी बरी जायला नको?

तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला घुमट नसलेला बँड हवा आहे, तो त्याला मिळेल, त्याचा हात तसा आहे. त्याला सरळ सांग की सध्या जागा नाही, पण एखाद्या कोकणी गाण्याला पाहुणा म्हणून ये. आला तर चांगलंच. सरावाची वेळ मात्र त्याला विचारून ठेव, दिवाडीची फेरीबोट कुणासाठी थांबत नाही, आणि शेवटच्या कडव्यात घड्याळाकडे बघणारा बेसवाला काय कामाचा?

पुढे कधी नवीन माणूस बघायचा झाला तर मी कशी बघते ते सांगते. तीन गाणी. एक त्याच्या आवडीचं, एक दोघांनाही येणारं, आणि एक आठवडाभर आधी पाठवलेलं नवं. पहिल्यात कळतं त्याला काय येतं. तिसऱ्यात कळतं त्याने आठवडाभर काय केलं, आणि मी ते जास्त मोजते. मधे कुणीतरी मुद्दाम एक कडवं गाळायचं. जो थांबून 'चुकलं' म्हणतो त्याच्यापेक्षा जो गाणारीकडे बघून तिच्यामागे जातो तो आपला. एक गोष्ट फुकट कळते: गाणं सुरू झाल्यावर आपला आवाज कमी करायला त्याचा हात आपणहून खटक्याकडे जातो का. त्यानंतर 'घेतलं' असं लगेच म्हणू नये. सहा सराव एकत्र करू, मग दोन्हीकडून ठरवू, असं पहिल्याच दिवशी बोलून ठेवावं. लग्नाआधी लोक एवढं तरी बघतात.

आता तुझा मित्र.

आधी माझी गोष्ट ऐक. नव्वदच्या दशकात मी म्हापशाच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवत होते. आमचा तबलजी म्हणजे सगळ्यांत जुना माणूस, ऑर्केस्ट्रा त्याच्याच स्कूटरवर उभा राहिला म्हण ना. पण फास्ट गाण्यांत त्याचा हात जड पडायचा. आम्हाला एक पोरगा मिळाला, ऑक्टोपॅड वाजवणारा. तबलजीला सांगायचं कुणी ह्यावर आम्ही तीन आठवडे चर्चा केली आणि कुणीच सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेल. कार्यक्रमाच्या दिवशी तो इस्त्रीचा झब्बा घालून, डग्गा काखेत मारून आला, आणि विंगेतून त्याला त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं. काही बोलला नाही. पूर्ण कार्यक्रम शेवटच्या रांगेत बसून बघितला आणि आम्हाला छान झालं म्हणून गेला. अजून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटतो, मुलं काय करतात विचारतो. मीच केळ्यांचा भाव विचारायला लागते.

एवढ्या मोठ्या बीटल्सनीही हेच केलं होतं हे मला फार नंतर कळलं. ऑगस्ट १९६२ मध्ये त्यांनी ड्रमर पीट बेस्टला काढलं, पण सांगायचं काम मॅनेजर ब्रायन एप्स्टाईनवर टाकलं. बाकीचे तिघं तिथे आलेच नाहीत. त्याच्या जागी रिंगो आला, बँड जगभर गाजला, म्हणजे निर्णय बरोबर होता असं लोक म्हणतात. असेलही. तुमच्याकडे मॅनेजर नाही, आणि फोंडा हे त्यांच्या लिव्हरपूलपेक्षा बरंच लहान गाव आहे. त्याची आई तुला उद्या बाजारात भेटणार.

म्हणून सांगते, त्याला काढायचं की नाही हे आज ठरवू नकोस, कारण तू त्याला दोन वर्षांत काही सांगितलेलंच नाहीस. पत्रात कुठे दिसलं नाही. 'लय सुटते' हे तू मला लिहिलंस. त्याला म्हणालास का? 'अरे जरा सांभाळ' हे सांगणं नव्हे. सराव मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दोघं बसून ऐका. कुठल्या गाण्यात, कुठल्या ओळीवर, तो पुढे पळतो की मागे राहतो? पळणं आणि रेंगाळणं हे दोन वेगळे आजार आहेत. आणि मला एक शंका आहे. त्याने बेस घेतला कारण बँडला बेसवाला हवा होता आणि कुणीतरी म्हणालं, चारच तारा आहेत, सोपं असतं. सोपं नसतं. बाकी सगळे ज्या जमिनीवर उभे राहतात ती बेस आणि ड्रम मिळून घालतात. गिटारवाला एखादा कॉर्ड चुकला तर कुणाला कळत नाही. बेस अर्धी मात्रा सरकला तर श्रोत्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण तो खुर्चीत चुळबुळ करायला लागतो.

त्याला आणि ड्रमरला बाकीच्यांच्या आधी अर्धा तास बोलाव. फक्त दोघं. मेट्रोनोम (ठरावीक ठोके देणारं यंत्र) मिनिटाला सत्तर ठोक्यांवर लावून, ड्रमरच्या पायातल्या मोठ्या ड्रमवर जिथे ठोका पडतो तिथेच आणि तेवढ्याच ठिकाणी बेसचा स्वर. त्याहून जास्त एकही नाही. कंटाळवाणं आहे. पण दोन वर्षांत जे झालं नाही ते ह्याने दोन महिन्यांत झालेलं मी पाहिलंय. कधी कधी माणसाला लय नसते असं नाही, त्याला ऐकू येत नसतं, कारण त्याच्या कानाशी तुझी गिटार फार मोठ्याने वाजत असते.

आणि इथे ती पांढरी तीन परत येते. ईमध्ये बेसवाल्याला खुल्या तारा मिळतात, ई आणि ए आयत्या, एक बी तेवढा दुसऱ्या फ्रेटवर. त्याला दोन वर्षं त्याचीच सवय. गायिकेसाठी काळी चारवर गेलात की तू कापो लावून मोकळा होशील, त्याला कापो नाही. त्याचा षड्ज जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर जाईल, मध्यम ('म') पुढच्या तारेच्या चौथ्यावर, पंचम ('प') त्याच तारेच्या सहाव्यावर. खुली तार एकही नाही. आकृती मात्र एकदा हातात बसली की कुठल्याही सुरात तीच सरकवायची. हे शिकायला त्याला तीन आठवडे लागतील, जर बसला तर.

त्याला हेच सांग. 'ह्या बाईचा गळा पांढरी तीनवर बसत नाही, आपल्याला वर जायला हवं, तुझ्यासाठी ते कठीण आहे, बसशील का?' तू त्याची परीक्षा घेतोयस असा आव आणू नकोस, कारण ती नुसती त्याची नाही. तो बसला, बोटं दुखवून घेतली, तर डिसेंबरात थोडा अडखळला तरी तो तुझा माणूस आहे, आणि असा माणूस दिवाडीच्या फेरीबोटीने येत नाही. तो म्हणाला, 'पूर्वीचंच बरं होतं, तिलाच सांग खाली गायला', तर तुला उत्तर मिळालं. मग बोलावंच लागेल.

ते कसं बोलायचं? तुम्ही दोघंच. पडवीत नको, तिथे तू त्याचा पाहुणा आहेस. ग्रुपवर तर मुळीच नको. बोरीच्या पुलाकडे स्कूटरने जा, चहा घ्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांग. तासभर शाळेच्या आठवणी काढून मग सांगितलंस तर त्या आठवणीही नासतील. कारण एकच दे, खरं दे. 'तू बँडचा मॅनेजर हो' असलं समजुतीचं खेळणं हातात देऊ नकोस; त्याला आपणहून साऊंड बघायचं असेल, गाड्या ठरवायच्या असतील, तर तो म्हणेल. आणि सरावाला दुसरी जागा आधी बघून ठेव. बघून ठेव म्हणते, हलवू नकोस. जागा जाईल ह्या भीतीने तू गप्प राहिलास तर ते त्याच्यावरचं प्रेम नाही, भाडं वाचवणं झालं.

तसं म्हटलं तर भाड्याचंही बोलायला हवं. दोन वर्षं त्याच्या घरची वीज जळते आहे, त्याची आई पाच जणांना चहा करते आहे. पैसे दिलेत कधी? मराठी नाटक मंडळ्यांचा इतिहास वाच, अर्धा इतिहास फुटाफुटीचा आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघं बाहेर पडले आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांकडे राहिली, कर्जासकट. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ किर्लोस्कर मंडळीतून निघाले आणि १९१८ मध्ये त्यांनी भागीदारांबरोबर बळवंत संगीत मंडळी उभी केली. एवढे सूर असलेल्या माणसांनाही भागीदारी सोपी गेली नाही. तुम्ही पाच जणांनी एक दोनशे पानी वही घाला. दर महिन्याला प्रत्येकी ठरलेली रक्कम, त्यातून वीज, चहा, तारा, ड्रमची कातडी. उत्सवातून मानधन आलं तर आधी साऊंडचा आणि गाडीचा खर्च काढायचा, मग समान पाच वाटे. गायिकेला जास्त नाही, ज्याचा अ‍ॅम्प आहे त्याला जास्त नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की बँडचं नाव कुणा एकाचं नाही, आणि जो बाहेर पडेल त्याची स्वतःची चाल त्याच्याबरोबर जाईल. आता हसाल. लिहा तरी.

माणसं टिकवायची कशी, हे तू शेवटी विचारलंस. मला त्यासाठी तारखेहून मोठा उपाय ठाऊक नाही. नुसता सराव सहा आठवड्यांनंतर शिळा होतो. डिसेंबरचा उत्सव मिळालाय ते उत्तम झालं, पण त्याच्या पुढची तारीख आत्ताच शोधा. वाड्यावरच्या गणपतीपुढे पंधरा मिनिटं, कुणाच्या बारशाला चार गाणी, काहीही चालेल. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी जर पुढची तारीख नसेल तर ड्रमर कळंगुटलाच राहील, आणि त्यात त्याची चूक नाही.

चाळीस मिनिटांत तुम्ही नऊ गाणी बसवायला बघत असाल. सात पुरे, बोलणं आणि तारा जुळवणं धरून. सातांतली दोन अशी ठेव की ज्यांत बेस फक्त षड्ज-पंचम धरतो. एकात ड्रम पूर्ण बंद, घुमट आणि गळा, एवढंच. कुठलं पद ते गायिकेला ठरवू दे. उत्सव देवळाच्या आवारात आहे ना? मग रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद होणार हे धरून वेळ आधीच मागून घे, नाहीतर आधीच्या नाटकवाल्यांचा पडदा लांबेल आणि तुमची चाळीस मिनिटं पंचवीसवर येतील.

ह्या आठवड्यात एवढं कर. कापो घे, पेटी माग, आणि माशेलला जा. तिला पडवीत बोलावू नकोस, तूच तिच्या घरी जा. मित्राला बरोबर ने, बेस घेऊन.